जर्मन आजोबांची गाडी

व्हेनेताला गाडी हवी होती ती काही मिरवायला नव्हे. नात तीन वर्षांची, नातीची आई स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची उस्तवार करायला गेलेली, आणि ब्रेस्ते गावातून व्रात्सा शहरात जाणारी एकुलती एक बस त्या हिवाळ्यात बंद पडलेली. पोरीला ताप आला तरी दवाखाना लांब, बालवाडी लांब, साधा ताजा पाव आणायचा तरी कुणाच्या तरी पाया पडायचं. म्हणून ती रोज संध्याकाळी चष्मा लावून फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसायची, आणि मांडीवर एलित्सा पेंगत असायची.

या जाहिराती वाचायची एकदा सवय लागली की माणसाला त्यांत एक म्हातारा भेटतो. 'पहिला मालक जर्मन आजोबा. गाडी फक्त रविवारी चर्चला नेलेली. आत कधी सिगारेट ओढलेली नाही.' हे आजोबा आमच्या अख्ख्या देशाला ठाऊक आहेत. निम्मा बल्गेरिया त्यांच्याच गाड्यांतून फिरतो. हे सगळे आजोबा खरंच एखाद्या रविवारी चर्चला निघाले असते, तर जर्मनीत मुंगीला शिरायला जागा उरली नसती. हे झूट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि दोघं मिळून त्यावर हसतात. मला संताप येतो तो या हसण्याचा. त्याच हसण्याखाली काय काय गाडून टाकतात हे लोक!

व्हेनेतालाही ठाऊक होतंच. पण फोटोतली राखाडी, लांब डिकीची गाडी तिला आवडली, आणि पैशात बसत होती. ती बघायला गेली.

शहराबाहेर, हमरस्त्याला लागून क्रुस्त्योचं यार्ड होतं. तारेवर रंगीत झेंडे फडफडत होते, साखळीला एक कुत्रं, आणि ऑफिस म्हणून एक पत्र्याचा कंटेनर. क्रुस्त्यो गोल चेहऱ्याचा, हसरा, कातडी जाकिटातला माणूस. हात पसरूनच पुढं आला.

"या मावशी, या! फोनवर आवाज ऐकला तेव्हाच म्हटलं, या बाईला गाडीतलं कळतं."

"वीस वर्षं ट्रॉलीबस चालवलीय मी व्रात्सात," व्हेनेता म्हणाली. "लोणी लावू नकोस. गाडी दाखव."

"दाखवतो हो. आधी कॉफी. दूध घालू?"

व्हेनेतानं मान डावी-उजवीकडे हलवली, आणि त्यानं कपात दूध ओतलं. ओतता ओतता स्वतःशीच खुदकन हसला.

"हेच तुम्ही जर्मनीत केलं असतंत ना, तर दुधाचं भांडं परत गेलं असतं! पहिल्या फेरीला मी आठवडाभर काळी कॉफी प्यायलो. हॉटेलातली पोरगी विचारायची, दूध? मी आपला अशी मान हलवतोय, हो गं बाई, घाल. ती जायची निघून! तिकडं सगळं उलटं, मावशी. आपला 'हो' म्हणजे त्यांचा 'नाही'. आणि आपण 'नाही' म्हणून मान वर-खाली केली, की ते खूश. लगेच सही करायला पेन पुढं करतात!"

व्हेनेताला हसू आलं. नको असताना आलं. गाडी बघायला आलेल्या माणसानं विकणाऱ्याच्या कॉफीवर हसू नये, हे तिला नंतर फार लागलं.

गाडी तिनं नीट बघितली. इंजिनाचा आवाज ऐकला, ब्रेक दाबून बघितले, हमरस्त्यावर एक चक्कर मारली. खोट काढावी असं काही सापडलं नाही. फक्त आतल्या आरशाच्या दांड्याभोवती जुन्या डिंकाचे पिवळे थर होते.

"हे काय रे?"

"आजोबांचे हात थरथरायचे हो. सारखा आरसा हलायचा त्यांच्या हातून. बिचारे गेले आता. सुनेनं गाडी विकली." क्रुस्त्योनं छातीवर क्रूस काढला. "देव क्षमा करो त्यांना."

"देव क्षमा करो," व्हेनेताही म्हणाली. जन्मालाच न आलेल्या म्हाताऱ्यासाठी दोघांनी अशी प्रार्थना केली आणि व्यवहार झाला.

घरी आल्यावर तिनं रीतीप्रमाणं चाकांपुढं तांब्याभर पाणी ओतलं, म्हणजे गाडीनं पाण्यासारखं सुरळीत चालावं. शेजारच्या मित्राबाईला आणि तिच्या नवऱ्याला चॉकलेटं वाटली. "सुखानं चालव गं बाई!" मित्रा म्हणाली. एलित्साची खुर्ची मागच्या सीटवर उजव्या बाजूला बांधली. पोरगी तिच्यात जाऊन अशी बसली, जशी काही तिची जागा कुणी धरूनच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेनेता स्टिअरिंगमागं बसली, तेव्हा आरसा फिरलेला होता. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता. उजवीकडची ती छोटी खुर्ची दिसत होती, नेमकी, मधोमध. तिला वाटलं आपलाच धक्का लागला असेल. तिनं आरसा सरळ केला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. मग तिनं स्क्रू आवळला. आरशाशी तिचं वीस वर्षांचं नातं होतं. आरसा कसा बसवायचा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सकाळी तो पुन्हा खुर्चीकडं बघत होता.

मग तिला गाडी चालवतानाच तो आवाज ऐकू यायला लागला. अगदी बारीक. कर्र… जुनं बिजागर हलावं तसा. ती रस्त्यावरून नजर उचलून वर बघायची, तर आरसा बोटभर उजवीकडं सरकलेला. आणि गारठा. हीटर लावला की मागं ऊब यायची, एलित्साचे गाल लाल व्हायचे, पण चालवणाऱ्याच्या जागेवर बर्फाच्या लादीवर बसल्यासारखं वाटायचं. एक वासही होता, ओल्या लोकरीचा. पाऊस नाही, बर्फ नाही, व्हेनेताचा कोट कोरडा खडखडीत, तरी भिजलेल्या लोकरीचा वास. तिनं कापडं काढून धुतली, दारं उघडी टाकून गाडी दिवसभर उन्हात ठेवली. वास गेला नाही.

एलित्साला मात्र गाडी फार आवडायची. एवढी, की बालवाडीतून आल्यावर ती उतरायला तयार नसायची.

"चल राणी, घर आलं."

"थांब ना आजी… ती बघतेय."

"कोण बघतेय?"

पोरीनं आरशाकडं बोट केलं. "ही."

व्हेनेतानं वर बघितलं, आरशात कुणीच नव्हतं. तरी तिनं हसून विचारलं, "आणि काय म्हणते ती, आमच्या एलित्साला?"

"एलित्सा नाही म्हणत," पोरगी म्हणाली. "लोटे म्हणते."

असलं नाव ब्रेस्ते गावात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. व्हेनेतानं मुलीला स्पेनमध्ये फोन लावला. मुलगी थकलेल्या आवाजात म्हणाली, "अगं, मुलं काहीही बोलतात, आई. बालवाडीत शिकली असेल." व्हेनेतानं स्वतःला तेच समजावलं. पण पोरगी वाळत चालली होती. जेवणाकडं लक्ष नाही, खेळण्याकडं नाही. खिडकीला नाक लावून अंगणातल्या गाडीकडं बघत उभी राहायची. एलित्सा म्हणून हाक मारली की दोनदा तीनदा मारावी लागायची. आणि तिची आई लांब. काय झालं तर तिला तोंड कसं दाखवायचं?

मग ती धुक्याची सकाळ उजाडली. त्या दिवसांत आमच्या पठारावर धुकं एकदा बसलं की दुपारपर्यंत हलत नाही. व्हेनेतानं बेकरीसमोर गाडी थांबवली, चावी काढून घेतली, आणि दोन पाव घ्यायला आत गेली. काचेतून गाडी दिसत होती. बाहेर आली तर चारही दारं आतून बंद. चावी तिच्या हातात. तिनं लावून बघितली, कुलूप फिरेना.

"एलित्सा!"

पोरगी आत खुर्चीत शांत बसली होती. तोंडावर हसू. नजर वर, आरशात. व्हेनेता काच बडवत होती, दोन्ही हातांनी, बेकरीतल्या बायका बाहेर आल्या, कुणीतरी किंचाळलं, आणि पोरीनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. आतून काचांवर बर्फाची नक्षी चढत होती, वरून खाली, हळूहळू.

बेकरीच्या दाराला टेकवलेली वीट व्हेनेतानं उचलली आणि चालकाच्या बाजूच्या काचेत घातली. काच फुटली तसा आतून एक सुस्कारा बाहेर आला, गार, ओल्या लोकरीच्या वासाचा. तिनं हात घालून दार उघडलं, पोरीला ओढून काढलं, कोटात गुंडाळलं. एलित्सा हातपाय झाडत रडायला लागली. "ती म्हणाली थांब! ती म्हणाली आता आपण घरी जायचं!"

बायका म्हणाल्या, "नशीब थोर." व्हेनेतानं पोरीला आणखी घट्ट धरलं. आतापर्यंत तिला भीती वाटत होती. आता तिला राग आला, आणि तो भीतीपेक्षा मोठा होता.

बेकरीतल्या एकीच्या गाडीतून पोरीला मित्राबाईकडं पाठवून ती तिथंच काचा काढायला बसली. काचेचे तुकडे गालिच्याखाली गेले होते, म्हणून तिनं गालिचा उचलला. पुढच्या सीटच्या मागं, या दारापासून त्या दारापर्यंत, जमिनीवर एक जोड होता. ऑपरेशनच्या टाक्यांसारखा उंचसखल, काळा. जोडाच्या अलीकडचा राखाडी रंग वेगळा होता, पलीकडचा वेगळा. आणि तिला कळलं. ही एक गाडी नव्हतीच. दोन मेलेल्या गाड्यांचे दोन अर्धे भाग कापून एकमेकांना चिकटवले होते, आणि त्या जोडावर पाय ठेवून तिची नात बसत होती.

फुटक्या खिडकीला प्लास्टिक लावून ती तशीच यार्डात गेली. धुकं अजून उठलेलं नव्हतं. क्रुस्त्यो हसत बाहेर आला, आणि तिचा चेहरा बघून हसू आवरलं.

"अरेरे मावशी, काच कशी फुटली?"

"आजोबा कुठायत?" व्हेनेता म्हणाली.

"कोण?"

"जर्मन आजोबा. ज्यांच्यासाठी तू क्रूस काढलास. कुठल्या गावचे? नाव सांग त्यांचं!"

"अहो मावशी… आजोबा म्हणजे बोलायची एक पद्धत असते. सगळेच लिहितात."

तिनं डिकीतून जॅक काढला होता. तो तिनं गाडीच्या पुढच्या दिव्यावर घातला. काचेचा खच पडला. कुत्रं एकदाच भुंकलं आणि कंटेनरखाली शिरलं.

"वेड लागलं का तुम्हाला!"

"गालिचा उचललाय मी, मेल्या! जोड बघितलाय! कुणाचे अर्धे आहेत हे? पुढचा कुणाचा? बोल, नाहीतर दुसरा दिवा नाही, तुझं टाळकं फोडीन!"

"अहो, सगळं यार्ड असंच चालतं," तो मागं सरकत म्हणाला. "दोन अर्ध्यांची एक आख्खी. चालली ना? कधी बंद पडली?" पण व्हेनेता जॅक घेऊन पुढं येतच होती, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं, की क्रुस्त्यो सिगारेट पेटवू लागला, आणि त्याच्याच्यानं ती पेटेना.

"मागचा भाग कुठला ते मलाही ठाऊक नाही. पुढचा एका बाईचा. तिकडं, जर्मनीत. सिग्नलला थांबली होती, मागून ट्रक आला. पुढं ओरखडासुद्धा नाही, मावशी. बाईलाही खरचटलं नाही. मागं मात्र…" तो थांबला. "मुलगी होती. एवढीशी. मागं, उजवीकडं."

व्हेनेताचा हात खाली आला.

"त्यांनी मागचा चेंदामेंदा कापून टाकला आणि पुढचा भाग भंगारवाल्याकडं ठेवला. ती बाई तिथं यायची म्हणे. रोज. त्या अर्ध्या गाडीत येऊन बसायची, स्टिअरिंगमागं, आणि आरशात बघत राहायची. मागं काही नाही, नुसतं यार्ड, चिखल. भंगारवाल्याला दया यायची, तो हाकलायचा नाही. थंडीत एका सकाळी ती तिथंच सापडली. लोकरीचा कोट भिजून अंगावर गोठलेला. हात आरशाला." क्रुस्त्योनं सिगारेट फेकून दिली. "मग त्याला तो भाग डोळ्यांसमोर नको झाला. मला दिला."

"आणि आरशाचा डिंक?"

तो बुटानं काचेचे तुकडे बाजूला सारू लागला.

"डिंक कुणी लावला, क्रुस्त्यो?"

"चारदा लावला. राहत नव्हता."

"म्हणजे तुला ठाऊक होतं. मी फोनवर सांगितलं होतं, नातीसाठी पाहिजे. मागं खुर्ची बसते का, हेसुद्धा विचारलं होतं मी तुला! ठाऊक होतं, आणि तू दिलीस!"

"ठाऊक काय, मावशी…" क्रुस्त्यो पुटपुटला. "मी नुसता डिंक लावला."

या वाक्यावर खरं तर त्याला तिथंच आडवा करायला हवा होता. आमच्याकडं सगळे नुसता डिंकच लावतात. पण व्हेनेता त्याच्याकडं बघतही नव्हती. ती गाडीकडं बघत होती. तिचा राग अजून संपला नव्हता, फक्त तो कुणावर काढायचा हे तिला आता कळेना. त्या बाईवर तो निघत नव्हता. स्वतःची मुलगी लांब देशात, नात हातातून चाललेली. तिला त्या बाईचं त्या अर्ध्या गाडीत जाऊन बसणं अगदी कळलं.

ती चालकाच्या जागी बसली नाही. मागचं दार उघडून, पोरीची खुर्ची सोडून काढून, ती उजवीकडं बसली, एलित्सा बसायची तिथं. दार ओढून घेतलं. बाहेर धुकं काचांना चिकटलं होतं. झेंड्यांची फडफड ऐकू येईनाशी झाली. पुढची जागा रिकामी होती.

कर्र…

आरसा वळला. आणि आरशात डोळे होते.

फक्त डोळे, कपाळ, आणि ओल्या केसांची एक बट. रिकाम्या सीटच्या वर, आरशाच्या त्या पट्टीत तेवढंच दिसत होतं. डोळे व्हेनेताकडं बघत नव्हते. ते तिच्यातून, सीटवर, जिथं एखाद्या लहान मुलाचं डोकं असेल तिथं बघत होते. असं थकलेलं बघणं व्हेनेतानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई गं…" ती म्हणाली. "तुला माझी भाषा येत नसेल. पण ऐक. तुझी लोटे इथं नाही… तू चुकीच्या सीटकडं बघतेयस. ही सीट तुझ्या गाडीची नाहीच. या हरामखोरानं दुसरीच आणून जोडलीय…"

डोळे हलले. पहिल्यांदा ते व्हेनेताच्या चेहऱ्यावर आले. गाडीतला गारठा हाडांपर्यंत पोचला.

"माझ्यावर रागावू नकोस. मी पण आई आहे. ती पोरगी माझी आहे… माझ्या मुलीची आहे. एलित्सा नाव आहे तिचं. तिला आई आहे, लांब आहे, पण आहे. तुझं दुःख फार मोठं आहे गं. पण माझी पोर नेऊन ते भरायचं नाही… सोडशील ना तिला? सोडशील?"

मग आरशातलं कपाळ हललं. सावकाश. डावीकडं… उजवीकडं. पुन्हा डावीकडं, उजवीकडं. डोळे तिच्यावरून हटले नाहीत.

हो म्हणाली ती. व्हेनेताला हुंदका फुटला. "देव तुला क्षमा करो," ती म्हणाली, "तुला आणि तुझ्या लोटेला," आणि त्या आरशाकडं बघत तिनं क्रूस काढला. या वेळी ज्यांच्यासाठी काढला ती माणसं खरी होती. तिनं पुन्हा वर बघितलं, तेव्हा आरशात फक्त फाटकं प्लास्टिक आणि धुकं होतं. ओल्या लोकरीचा वासही गेला होता.

क्रुस्त्यो कंटेनरच्या दारात उभा होता. तिनं किल्ली त्याच्या छातीवर फेकली.

"आज कापायची. दोन्ही भाग वेगळे करून भट्टीत. पैशांचं उद्या बघते मी, पोलीस घेऊन येईन. पण गाडी आज कापायची. कळलं?"

क्रुस्त्योनं जोरजोरात मान हलवली, डावी-उजवी, डावी-उजवी. "आजच, मावशी. आत्ताच."

गावावरून पुढं जाणाऱ्या पावाच्या व्हॅनमध्ये तिला जागा मिळाली. पावांच्या गरम वासात बसून तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली. रस्त्यात सवयीनं तिनं फोन काढला, आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. गाडी पुन्हा जाहिरातीत होती. धुक्यातला ताजा फोटो, फुटका दिवा दिसणार नाही अशा बाजूनं काढलेला. 'पहिला मालक जर्मन आजोबा. गाडी फक्त रविवारी चर्चला.' व्हेनेता चालत्या व्हॅनमध्ये क्रुस्त्योला मोठमोठ्यानं शिव्या देत सुटली, आणि पाववाला तिच्याकडं बघत राहिला. उद्या जाऊन त्या यार्डाला आग लावायची, असं तिनं ठरवलं. मग तिनं फोटो मोठा करून बघितला. पुढच्या काचेतून आरसा दिसत होता. आरसा अगदी सरळ होता, रस्त्याकडं वळलेला. आता त्या गाडीतून कुणी कुणाला शोधत नव्हतं. तिला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मित्राबाईच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. एलित्सा टेबलाशी उंच खुर्चीत बसून दुधात कुस्करलेला पाव खात होती, वर खारं चीज भुरभुरलेलं. गालांवर रंग आला होता. व्हेनेतानं तिच्या डोक्याचे मुके घेतले, आणि कोट न काढताच समोर बसून चमचा हातात घेतला.

"सगळं संपवलं माझ्या सोन्यानं! आणखी हवं का?"

पोरीनं मान वर-खाली हलवली.

"बरं, नको तर नको," म्हणून व्हेनेतानं चमचा खाली ठेवला. एलित्साचं तोंड रडवेलं झालं. तिनं चमच्याकडं हात केला, तोंड उघडलं, आणि पुन्हा मान हलवली. वर, खाली. वर, खाली.

"दुपारपासून हेच चाललंय हिचं," मित्राबाई चुलीपाशी हसत म्हणाली. "मानेनं नाही म्हणते आणि तोंडानं आ करते! कुणी शिकवलं गं तुला हे असलं उलटं?"

क्रुस्त्योची कॉफी व्हेनेताला आठवली, परत जाणारं दुधाचं भांडं आठवलं, सगळं उलटं असलेला तो देश आठवला. ती बाई त्या देशातली होती. आणि आरशातलं ते कपाळ, सावकाश, डावीकडं… उजवीकडं… सोडशील ना तिला, असं तिनं विचारलं होतं, आणि बाईनं तिला स्वतःच्या भाषेत उत्तर दिलं होतं: नाही.

"एलित्सा," ती म्हणाली. पोरीनं वळून बघितलं नाही. ती व्हेनेताच्या खांद्यावरून मागं, वर कुठंतरी बघत होती, गाडीत बघायची तशी. चुलीचा जाळ चांगला भडकलेला होता, तरी व्हेनेताच्या पाठीला गार लागलं. मग एलित्सा हसली, आणि तिनं पुन्हा एकदा मान हलवली. वर, खाली.

या वेळी व्हेनेतानं तिला काहीच विचारलं नव्हतं.